कोरडी बॅग, ओला लॅपटॉप

"मी नाही सांडलं! आईशप्पथ, मी पाण्याला हातसुद्धा लावला नाही!"

प्रशीलचा आवाज इतका चढला, की अंगणातल्या निंबावरच्या साळुंक्या भुर्रकन उडाल्या.

"तू नाही, मी नाही, आई नाही. मग माठ स्वतः चालत आला का लॅपटॉपपर्यंत?" सपनाताई दोन्ही हातांत लॅपटॉप धरून उभी होती. त्याच्या चंदेरी झाकणावर पाण्याचे बारीक थेंब चमकत होते. तिनं तो जरा तिरका केला, तर कीबोर्डच्या फटीतून आणखी एक थेंब टपकन फरशीवर पडला. "सोमवारी ओला, मंगळवारी ओला, आज बुधवारी पुन्हा ओला! प्रशील, खरं सांग. मी रागावणार नाही."

"आधी रागावून घेतेस आणि मग म्हणतेस, रागावणार नाही!"

दारात प्रशीलची सुट्टीतली फौज उभी होती. फौज म्हणजे दोनच जण. एक शेजारची डिंपल, नुकतीच आठवीतून नववीत गेलेली आणि त्यामुळे स्वतःला फार मोठी समजणारी. दुसरा तिचा आतेभाऊ हितेंद्र. तो शिंदखेड्याहून मामाकडे सुट्टीला आला होता. त्याचा चष्मा जाड भिंगांचा होता आणि बोलणं अस्सल अहिराणी.

"हाऊ तर दुपारभर आमनासंगे व्हता, ताई!" हितेंद्रनं साक्ष दिली.

एरवी हितेंद्र बोलला की सपनाताईला हसू फुटायचं. आज फुटलं नाही. ती तशीच पलंगावर बसली आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाची एवढी मोठी मुलगी लहान पोरीसारखी रडायला लागली. प्रशीलचा राग तिथल्या तिथे विरघळला.

रडण्यासारखंच झालं होतं. सपनाताई जळगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकत होती. केळीच्या पानाचा फोटो पाहून त्याच्यावर कोणता रोग आहे ते सांगणारा प्रोग्राम तिनं तयार केला होता. त्यासाठी दोन वर्षं ती रावेरच्या शिवारात बांधाबांधावरून फिरली होती. चार हजार फोटो! ते सगळे या एका लॅपटॉपमध्ये होते. शनिवारी सकाळी अकरा वाजता बाहेरगावच्या परीक्षकांसमोर तो प्रोग्राम चालवून दाखवायचा होता. नाही दाखवला, तर वर्ष गेलं.

आणि काल संध्याकाळीच स्टँडजवळचे लॅपटॉपवाले ज्ञानेश्वरभाऊ घरी येऊन गेले होते. त्यांनी लॅपटॉप पुसून, पंख्याखाली वाळवून चालू करून दिला आणि जाताना बजावलं, "सपना, नशीब म्हणून वाचला. असं पाणी आणखी दोन-चारदा गेलं, तर आतला बोर्ड जाईल. मग माझ्याकडे आणू नकोस, मी काही करू शकणार नाही!"

तिनं लगेच फोटोंची दुसरी प्रत काढायला घेतली होती. पण पेन ड्राइव्ह लहान पडला, आणि तो भरायच्या आतच लॅपटॉप मधेच बंद पडला होता.

"चला रे," डिंपल हळूच म्हणाली. "इथं उभं राहून काही होणार नाही. आणि येताना ती लॅपटॉपची बॅग घे, प्रशील!"

*

प्रशीलचं घर होतं केळीच्या पॅकहाउसच्या आवारात. त्याचे आजोबा, यादवआबा, पॅकहाउसच्या कोल्ड रूम सांभाळायचे. म्हणून मालकानं आवारातच पत्र्याच्या दोन खोल्या दिल्या होत्या. प्रशीलचे बाबा सुरतेला नोकरीला होते. आई, म्हणजे नर्मदाबाई, पॅकहाउसमध्येच केळीच्या फण्या धुवायला जायची.

फण्या धुवायचे सिमेंटचे लांबलचक हौद हीच मुलांची बैठकीची जागा. मे महिन्यात रावेरात दुसरीकडे कुठे बसणार? सेहेचाळीस डिग्रीत खुर्चीसुद्धा चटका देते.

डिंपलनं लॅपटॉपची काळी बॅग मांडीवर घेतली. "नीट बघा. बाहेरून हात लावा. ओली आहे?"

"नाही. खडखडीत कोरडी."

"आता आतून."

प्रशीलनं हात घातला. "आतून दमट आहे! हे कसं काय?"

"पाणी कोणी ओतलं असतं, तर आधी बॅग भिजली असती ना! म्हणजे पाणी बाहेरून आलेलंच नाही."

"मंग काय लॅपटॉपना आंगमा झरा फुटना का?" हितेंद्रनं विचारलं.

"गप रे. खालची बाजू दाखव."

बॅग उलटी केली आणि तिघंही एकदम वाकले. खालच्या कोपऱ्यात ओळीनं तीन गोल ठिपके चिकटवलेले होते. पिवळा, हिरवा, लाल. नखाएवढे, कागदी.

"चोरना निशाणी शे!" हितेंद्रचे डोळे भिंगांमागे आणखी मोठे झाले.

प्रशील मात्र उडालाच. "चोर कसला! हे तर आपल्या पॅकहाउसचे ठिपके आहेत! कोल्ड रूममध्ये जाणाऱ्या प्रत्येक खोक्याला लावतात. सोमवारचा पिवळा, मंगळवारचा हिरवा, बुधवारचा लाल. रंग बघून कळतं, कोणता खोका कधीचा ते."

"सोमवार, मंगळवार, बुधवार," डिंपल बोटांवर मोजत म्हणाली. "आणि लॅपटॉप कधी कधी ओला निघाला?"

प्रशीलचं बोट एकेका ठिपक्यावरून फिरलं.

"म्हणजे ही बॅग रोज पॅकहाउसमध्ये जाऊन येते!" प्रशीलला घाम फुटला. "पण नेतो कोण?"

"जीवराम हमाल!" डिंपल म्हणाली. "त्याच्या टोपीवर नेहमी ठिपके चिकटलेले असतात. आणि रोज दुपारी तुमच्या माठातून बाटली भरून नेतो."

"काल तो गाडी घेऊन बुऱ्हाणपूरला गेला होता. रात्री आला."

"मग तो नाही. उद्या पहारा ठेवायचा. ताईला सांगायचं नाही. ती बॅग कवटाळून बसली, तर नेणारा येणारच नाही."

"आणि उद्याही लॅपटॉप भिजला तर?" प्रशीलचा आवाज बारीक झाला. "ज्ञानेश्वरभाऊ काय म्हणाले, ऐकलंस ना?"

डिंपल हसली. "उद्या बॅगेत लॅपटॉप असेलच कशाला?"

*

गुरुवारी सपनाताई पहाटे चारला उठून कामाला बसली. लॅपटॉप चालू झाला खरा, पण मधेच स्क्रीनवर आपोआप 'ककककक' उमटायचं आणि तिचा जीव खालीवर व्हायचा. साडेअकराला उकाडा असह्य झाला. तिनं लॅपटॉप बंद केला, बॅगेत घातला, बॅग खुंटीला अडकवली आणि कूलरसमोर चटईवर आडवी झाली. पाच मिनिटांत ती गाढ झोपली.

खिडकीतून हितेंद्रचा चष्मा वर आला.

पुढचं काम फार नाजूक होतं. प्रशीलनं लॅपटॉप काढून डिंपलच्या हातात दिला. डिंपलनं तो ओढणीत गुंडाळून घरी नेला आणि फडताळाच्या वरच्या फळीवर, कोरड्या जागी ठेवला. राहिली रिकामी बॅग.

"वजन तितलंच पाहिजे," हितेंद्र कुजबुजला. "नही ते चोरले समजी जाई!"

मग बॅगेत आधी स्टीलची दोन ताटं गेली. हितेंद्रनं बॅग उचलून पाहिली आणि मान हलवली. हलकी. प्रशीलनं इकडेतिकडे पाहिलं आणि आईचं पोळपाट उचललं.

"अरे, काकू मारतील!"

"दुपारी भाकरीच असते. संध्याकाळी पोळ्या करायच्या आत परत ठेवू!"

पोळपाट आत गेलं. बॅग खुंटीवर गेली. डिंपल आणि हितेंद्र बाहेर निंबाच्या बुंध्याआड लपले आणि प्रशील धान्याच्या कोठीमागे जाऊन बसला. कोठीमागे इतकं गरम होतं, की त्याला वाटलं, आपण चोर सापडायच्या आधीच भाजून निघू.

साडेबाराला यादवआबा जेवायला आले. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. जेवण झालं, ताटावर पाणी सोडलं. नर्मदाबाई भांडी घेऊन मागच्या दारी गेल्या. आबांनी एकदा झोपलेल्या नातीकडे पाहिलं. मग चपला हातात घेतल्या आणि चवड्यांवर चालत खुंटीपाशी गेले.

प्रशील कोठीआडून पुढे वाकला.

आबांनी बॅग काढली. खिशातून केळीच्या फण्यांना लावतात तो पांढरा फोम काढून तिच्याभोवती गुंडाळला, वरून आपलं उपरणं गुंडाळलं आणि बाळाला घेतात तशी ती छातीशी धरून ते हलक्या पावलांनी बाहेर पडले.

आबा? आपले आबा? प्रशील कोठीमागे तसाच बसून राहिला. डिंपलनं येऊन हात धरला, तेव्हा कुठे तो उठला.

"मी ताईला काहीच सांगणार नाही," तो पुटपुटला. "त्यापेक्षा मीच पाणी सांडलं म्हणतो."

"वेड्या, आबा काही वाईट करतील का? कशासाठी नेतात ते तर बघू! हितेंद्र, तू पाहुणा आहेस ना? चल, तुझा उपयोग आहे!"

*

"आबा, याला कोल्ड रूम दाखवा ना!" डिंपलनं हितेंद्रला पुढे ढकललं. "यानं कधी पाहिलीच नाही!"

"आमना गावले कपाशी शे, आबा. कोल्ड रूम नही!" हितेंद्रनं इतका गरीब चेहरा केला, की प्रशीललाही त्याची दया आली.

आबांची कळी खुलली. कोल्ड रूम दाखवायची म्हटली की ते जेवणसुद्धा विसरत. "या, या! पन आधी ते जाकीट घाला. आठी उन्हाळा हाये, तठी हिवाळा!"

जाडजूड दार ढकललं आणि गार हवेचा लोट अंगावर आला. आत छतापर्यंत खोके रचलेले होते. प्रत्येकावर एक रंगीत ठिपका. आबांनी खिशातून लांब सुईचा थर्मामीटर काढला आणि एका केळ्यात टोचून हितेंद्रच्या नाकासमोर धरला.

"किती?"

"तेरा!"

"तेरा! दहा-अकरावर गेला, का केळी काळी पडते. पंधरा-सोळावर गेला, का पिकाले लागते. वीस वर्षं झाली, बेटा, या हातून एक खोका खराब नाही गेला! ठिपका लावल्याबिगर या खोलीत काही येत नाही, अन मले विचारल्याबिगर काही जात नाही."

प्रशीलची नजर कोपऱ्यात गेली. तिथे एका रिकाम्या क्रेटवर, फोमच्या गादीवर, काळी बॅग निवांत पहुडली होती. खालच्या कोपऱ्यात चौथा ठिपका होता. निळा. गुरुवारचा.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. जाकिटं काढून ते बाहेर हौदांपाशी आले, आणि तेवढ्यात हितेंद्र बोंबलला,

"आई वं! माले काहीच दिखत नही! मना चष्मा बिघडी गया!"

त्याच्या दोन्ही भिंगांवर दाट धुकं बसलं होतं. बिचारा हात पुढे करून चाचपडत हौदातच पडणार होता, डिंपलनं शर्ट धरून मागे ओढला.

आबा हसायला लागले. "घाबरू नको! थंड वस्तू बाहेरच्या हवेत आली, का तिले घाम फुटतो. आठी हौदाच्या पान्यानं हवा दमट. त्यातलं पानी गार काचेवर जमतं. खोकेबी असे बाहेर काढले, तर पुठ्ठा भिजून बठ्ठा माल खराब व्हईन! म्हनून आमी खोके उघड्यावर आनतच नाही. थंड खोलीतून थेट थंड गाडीत!"

डिंपलनं प्रशीलचा हात इतक्या जोरात दाबला, की तो कळवळला. थंड वस्तू बाहेर आली की तिला घाम फुटतो! केळीच्या खोक्याला फुटतो, चष्म्याला फुटतो.

"आणि लॅपटॉपला?" ती त्याच्या कानात म्हणाली.

*

पावणेचारला आबा चवड्यांवर परत आले. त्यांनी बॅग खुंटीला अडकवली, उपरणं झटकलं आणि वळले. दारात तिघं मुलं उभी.

"आबा," प्रशील म्हणाला.

तेवढ्यात सपनाताई जागी झाली. उठल्या उठल्या तिनं आधी बॅग काढली, पटकन चेन उघडली, आणि आत हात घालून किंचाळली.

"माझा लॅपटॉप! माझा लॅपटॉप कुठंय?"

तिच्या हातात स्टीलचं ताट होतं. आबांचे डोळे विस्फारले.

"ताट?" ते म्हणाले. "मी ताट घेऊन गेल्तो?"

"कुठे घेऊन गेलात, आबा?" सपनाताईनं विचारलं. आबा अजून ताटाकडेच पाहत होते.

"ताई, लॅपटॉप आमच्या घरी आहे. अगदी कोरडा आहे," डिंपल घाईघाईनं म्हणाली. "आधी या ताटाकडे बघ. नुसतं बघत राहा!"

कूलरची ओलसर हवा भसाभसा येत होती. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ताटाची चकाकी मंदावली. त्याच्यावर वाफ धरली. मग त्या वाफेचे बारीक थेंब झाले, ते एकमेकांना चिकटले, आणि एक मोठा थेंब घरंगळत काठाशी आला आणि फरशीवर पडला. टपकन. बुधवारसारखाच.

"कोणी पाणी ओतलं?" डिंपलनं विचारलं. "कोणीच नाही! हवेतलं पाणी आहे हे!"

आबांच्या तोंडचं पाणीच पळालं. वीस वर्षं ज्या माणसानं खोक्यांना घाम फुटू दिला नव्हता, त्याला सांगायची गरजच उरली नाही. ते मटकन खाली बसले.

"पोरी, तू मागल्या हप्त्यात म्हने, आबा, हा लॅपटॉप तापतो अन बंद पडतो. असाच तापला तर जळून जाईन. मले झोप नाही आली. घर पत्र्याचं. मंग वाटलं, परक्याच्या केळीले मी गारव्यात ठेवतो, अन माझ्या नातीचं एवढं शिक्षन आठी भट्टीत पडलं हाये! तू कोनाले हात लावू देत नाही, म्हनून तुले न सांगता नेत होतो. वाटे, मशीनले कुठी घाम फुटते?"

तेवढ्यात मागच्या दारातून नर्मदाबाई आल्या. "कोणी माझं पोळपाट पाहिलं का गं? पीठ भिजवून बसले आणि..." त्यांची नजर बॅगेतून डोकावणाऱ्या पोळपाटावर पडली. "हे काय? माझं पोळपाट कॉलेजला निघालं का?"

हितेंद्रला खुदकन हसू आलं. पण आबा हसले नाहीत. ते उठले आणि बाहेर निघून गेले.

*

आबा हौदाच्या कठड्यावर बसले होते. सपनाताई त्यांच्याशेजारी जाऊन बसली. मुलं निंबाआड उभी राहिली. ऐकायचं नाही असं ठरवून सगळं ऐकत होती.

"वीस वर्षं एक खोका खराब नाही केला," आबा म्हणाले, "अन घरचाच माल भिजवला. वर त्या लेकराले बोलनी खायाले लावली."

"आबा, चूक माझीपण आहे. 'हात लावू नका' एवढंच मी ओरडत राहिले. तापला तर काय करायचं, कसा ठेवायचा, हे कुठे सांगितलं तुम्हाला? विचारलं असतं तुम्ही, तर तेव्हाही मी ओरडलेच असते." तिनं मागे वळून हाक मारली. "आणि प्रशील! निंबाआडून बाहेर ये. तुला उगाच बोलले रे मी. चुकलं माझं."

प्रशीलला रागानं काहीतरी टोमणा मारायचा होता. तीन दिवस त्यानं तो तयार करून ठेवला होता. पण ताईचा चेहरा पाहून तो नुसता म्हणाला, "असू दे. पण पुढच्या वेळी आधी बॅग बघ, मग भाऊ बघ!"

संध्याकाळी ज्ञानेश्वरभाऊ आले. त्यांनी खालचं झाकण उघडलं, बॅटरी सुटी केली आणि टॉर्च मारला. सगळं घर त्यांच्याभोवती गोळा झालं. आबा मात्र लांब, दाराशी उभे.

"आज आत ओल नाही. मुलांनी वाचवला! एका जोडणीवर थोडा हिरवा गंज चढलाय, तो साफ करतो." त्यांनी बारीक ब्रश फिरवला आणि चिमट्यानं पंख्यातून करड्या कापसाचा बोळा बाहेर काढला. "आणि हे काय, सपना? लॅपटॉप कशावर ठेवून काम करतेस?"

"गोधडीवर," सपनाताई ओशाळून म्हणाली.

"बघा! गोधडीनं खालची हवेची भोकं बंद होतात, धागे आत ओढले जातात, मग तापेल नाही तर काय करेल? आणि कूलरच्या तोंडासमोर तर अजिबात बसायचं नाही. पाटावर ठेव, साध्या पंख्याखाली बस. तापला की बंद करून अर्धा तास राहू दे. त्याला कोल्ड रूम नको नि उबदार गोधडीही नको."

"ताई, तूपण!" प्रशीलला आता मात्र राहवलं नाही.

आबांनी दाराशी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा थोडा उजळला.

लॅपटॉप चालू झाला. 'ककककक' उमटलं नाही. ज्ञानेश्वरभाऊंनी आपली मोठी हार्ड डिस्क जोडली. "आधी फोटो उतरवून घे. बाकीचं नंतर."

स्क्रीनवर आकडा सरकू लागला. दहा टक्के. पंचवीस. अठ्ठेचाळीसवर तो थांबला. परवा असाच अर्ध्यावर बंद पडला होता! हितेंद्रनं डोळे मिटून घेतले. नर्मदाबाईंची पोळी तव्यावर करपायला लागली.

एकोणपन्नास!

"चालला, चालला!" डिंपल ओरडली. साठ. ऐंशी. शंभर झाले, तेव्हा सगळ्यांनी असा जल्लोष केला, की पॅकहाउसमधून जीवराम हमाल धावत आला. त्याला वाटलं, साप निघाला.

सपनाताईनं एकावर भागवलं नाही. एक प्रत हार्ड डिस्कवर राहिली, आणि शुक्रवारी ज्ञानेश्वरभाऊंच्या दुकानातून तिनं दुसरी इंटरनेटवर चढवली. "चार हजार फोटो एकाच टोपलीत ठेवून मी दोन वर्षं फिरत होते," ती म्हणाली. "आता पुन्हा तसं करायची नाही."

*

शनिवारी पहाटे सपनाताई तयार झाली. तिनं बॅग उचलली आणि सरळ आबांसमोर धरली.

"चला, आबा. जळगावपर्यंत ही तुम्ही सांभाळायची."

"मी?" आबा दोन पावलं मागे सरकले. "पोरी, नको. मले नको सांगू."

"वीस वर्षं एक खोका खराब न करणारा माणूस मला दुसरीकडे कुठे मिळणार?"

आबांनी धोतराला हात पुसले आणि बॅग घेतली. एसटीत त्यांनी ती मांडीवर धरली. वर ठेवा म्हणणाऱ्या कंडक्टरकडे त्यांनी असं काही पाहिलं, की तो पुढच्या तिकिटाला निघून गेला. खिडकीतून ऊन यायला लागल्यावर त्यांनी उपरण्याचा आडोसा केला. बॅग भुसावळ गेलं तरी मांडीवर, जळगाव आलं तरी मांडीवर.

दुपारी दीडला नर्मदाबाईंचा मोबाइल वाजला. तिन्ही मुलं एकदम त्याच्यावर पडली.

"झालं!" पलीकडून सपनाताईचा आवाज आला. "एकदाही बंद पडला नाही! परीक्षकांनी स्वतः एक पान आणून दिलं होतं, प्रोग्रामनं बरोब्बर करपा ओळखला! आणि प्रशील, त्यांनी बॅगेवरचे ठिपके पाहून विचारलं, हे काय आहे? मग मी त्यांना तुमची सगळी गोष्ट सांगितली. म्हणाले, त्या तिघांना माझ्यातर्फे शाबासकी द्या!"

हितेंद्र अंगणात तीन कोलांट्या मारून आला. चष्मा काढायला विसरला होता, म्हणून त्याची एक दांडी वाकली.

संध्याकाळी आबा आणि सपनाताई उतरले, तेव्हा निम्मं पॅकहाउस दारात उभं होतं. आबांनी आधी बॅग खुंटीला लावली, ती नीट अडकली का ते दोनदा पाहिलं, आणि मग खिशातून ठिपक्यांची पट्टी काढली. शनिवारचा रंग नारिंगी.

"रांगेत उभे राहा!" त्यांनी हुकूम सोडला. डिंपलच्या ओढणीवर एक ठिपका. हितेंद्रच्या शर्टावर एक. प्रशीलच्या खिशावर त्यांनी ठिपका लावला आणि तळहातानं जरा जास्तच वेळ दाबून धरला.

"तपासून पाह्यला," ते लोकांना म्हणाले. "बठ्ठा माल एक नंबर हाये!"

नर्मदाबाईंनी शिरा वाटला. ज्ञानेश्वरभाऊ म्हणाले, "माझ्या दुकानात असली डोकी पाहिजेत." सगळे बोलत असताना सपनाताई पुढे झाली. तिनं आबांच्या हातातून ती पट्टी घेतली, एक ठिपका सोडवला आणि त्यांच्या सदऱ्यावर, छातीपाशी चिकटवला. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी आबा तो ठिपका तसाच लावून कामावर गेले. जीवराम हसून म्हणाला, "आबा, कालचा रंग काढाचा राह्यला वाटते!"

"राहू दे," आबा कोल्ड रूमचं दार ढकलत म्हणाले. "माझ्या नातीनं लावला हाये."